तीनशे बैठका

आमच्या घरात कुणाचा गुडघा दुखला की पोरं म्हणतात, "बाबांना विचारू नका हं." मीही त्यांच्याबरोबर हसतो. त्यामागची गोष्ट मी त्यांना अर्धीच सांगितली आहे. उरलेली इथे लिहितो, कारण कागद मध्येच उठून "मग तुम्ही काय केलंत?" असं विचारत नाही.

स्वातंत्र्यानंतर सहा-सात वर्षांनी मी पनवेलच्या एका शाळेत व्यायामशिक्षक झालो. व्यायामशिक्षक म्हटल्यावर जसा माणूस डोळ्यांपुढे येतो, तसा मी कधीच नव्हतो. "जगाला जोर शिकवा, भरलेला हंडा मात्र मीच उचलायचा," असं आमच्या मंडळींचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं. पण वर्षभराचा कोर्स करून येताना मी एक तक्ता आणला होता. वय, उंची, वजन, छाती असे चार रकाने. ते भरले की कुणी किती जोर काढायचे, किती बैठका मारायच्या, किती धावायचं, ते आपोआप निघायचं. प्रत्येकाला त्याच्या मापाचा व्यायाम! स्वतःचं माप घालून पाहिलं तेव्हा मी 'अशक्त' या वर्गात निघालो. ते पान मी घाईनं उलटलं.

संध्याकाळी मी बाजारामागच्या तालमीत जायचो. तिथले वस्ताद सत्तरीचे. फीत नाही, वजनकाटा नाही. नव्या माणसाला ते आधी विचारत, "दिवसभर काय करतोस?" मग शिंप्याला जोर सांगत, पेढीवर बसणाऱ्या शेटजींना खाडीपर्यंत चालून यायला लावत, आणि तांदळाची पोती वाहणाऱ्या हमालाला तर पालथं पाडून नुसतं तेल चोळत. "वस्ताद, ही तालीम आहे की न्हाव्याचं दुकान?" असं मी एकदा म्हणालोही. ते "हं" म्हणाले आणि चोळत राहिले.

त्या हिवाळ्यात खाडीकडच्या गावातून एक जण येऊ लागला. चोवीस वर्षांचा, मिठागरात कामाला. बापाचे डोळे उन्हातल्या मिठाच्या चकाकीनं गेले होते आणि आता याच्याही डोळ्यांना दुपारी पाणी येऊ लागलं होतं. अलिबागला पोलीस शिपायांची भरती होती. पुढच्या वर्षी वय उलटणार, म्हणजे ही शेवटचीच संधी.

"गुरुजी, लोक बोलतात तुमी मोठा शास्तर शिकून आलाव. मना तयार करा."

मोठं शास्त्र! मी तिथेच फीत काढली. तक्त्यात तो 'नवशिका, बांधा चांगला' असा बसला. शंभर बैठकांपासून सुरुवात, भरतीपर्यंत तीनशे, शिवाय रोज दोन मैल धावणं.

वस्तादांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, याला बैठका देऊ नका."

"का बरं?"

"दिवसभर हा चिखल तुडवतो. मिठाच्या वाफ्याचा तळ हे लोक पायांनीच घट्ट करतात. वर डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावर चढ-उतार. त्याच्या बैठका मारूनच तो इथं येतो. त्याला निजवा, चोळा, आणि सुट्टीच्या दिवशी तेवढा दम वाढवा."

"तक्त्यात कामाचा रकाना नाही, वस्ताद."

हे मी बोललो. वर छाती काढून बोललो, जी काय होती ती.

"मग एक आखा की," वस्ताद म्हणाले.

एक रेघ ओढायची होती. मी ओढली नाही.

तालमीची एक रीत होती. गुरूनं दिलेला आकडा मारुतीपुढे बोलून घ्यायचा आणि पुरा करायचा. "झेपत नाही" म्हणणं म्हणजे गुरूला शिवी. ही रीत मला चांगली ठाऊक होती. तरी मी रोज त्याला विचारायचो, "पाय कसे आहेत?" तो म्हणायचा, "ब्येस हाय." मी वहीत लिहायचो, 'प्रगती उत्तम.' एकदा तालमीच्या दोन पायऱ्या तो भिंत धरून, आडवा होऊन उतरताना दिसला. मी पाठीवर थाप मारली. "पाय भरून आले ना? म्हणजे ताकद येतेय!" तो हसला. वस्ताद हसले नाहीत.

भरतीला मी रजा काढून त्याच्याबरोबर गेलो. माझ्या शास्त्राचं फळ बघायचं होतं ना! धावण्याच्या पहिल्या दोन फेऱ्या तो पुढच्या चौघांत होता. तिसरीत त्याचा उजवा गुडघा आत वळला आणि तो बसला. उठला, दहा पावलं लंगडला, पुन्हा बसला. साहेबांनी हातानंच त्याला बाजूला व्हायला सांगितलं. येताना एसटीत त्यानं पाय मधल्या वाटेत लांब केला होता, दुमडतच नव्हता. चढणारा प्रत्येक जण त्याला अडखळून बोल लावायचा आणि तो प्रत्येकाची माफी मागायचा. कर्नाळ्याचा सुळका मागे पडला तरी मी खिडकीबाहेरच पाहत होतो.

गुडघा बरा झाला नाही. मिठागराच्या मुकादमानं त्याला टोपलीवरून काढलं, नंतर कामावरूनच. महिन्याभरानं मी त्याच्या घरी गेलो. चूक माझी आहे, एवढं एक वाक्य बोलायचं ठरवून गेलो होतो, वाटेत ते दोनदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. ओटीवर बाप बसला होता. आवाजावरून ओळखून म्हणाला, "गुरुजी आलं काय? पोरा, बोल आता. सांगून टाक."

तो भिंतीला धरून उभा राहिला. "गुरुजी, मी चोरी केलीय."

"कसली?"

"भरतीच्या आधीच्या शनिवारी पाय हालत नव्हतं. दोनशे साठ मारल्या नि तीनशे झाल्या बोललो. मारुतीपुढं बोललो. चाळीस खाल्ल्या मी. त्याच गुडघ्यावर आल्या." त्यानं गुडघ्यावर हात ठेवला. "तुमचं काय चुकलं नाय. तुमचं शास्तर बरोबर होतं."

"कवापास्नं झोप नाय त्याला," बाप म्हणाला. "तुमी माफ केलं म्हंजे सुटल."

माझं वाक्य जिभेवर होतं. त्याच आठवड्यात हेडमास्तरांनी तो तक्ता शाळेच्या भिंतीवर लावायचं ठरवलं होतं. पण खरं सांगायचं तर तेही निमित्तच. कुणी आपल्याला निर्दोष म्हणालं की ते किती गोड लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"असू दे," मी म्हणालो. "होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

त्याचा चेहरा उजळला, अगदी खरोखर. गुडघा वाकत नव्हता म्हणून एका हातानं भिंत धरून तो कमरेतच वाकला आणि दुसरा हात माझ्या पायांकडे नेऊ लागला. पोचायला त्याला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मी पाय मागे घेऊ शकलो असतो.