संगत चुकली

जुईलीच्या भूमितीच्या पेपरवर पाच ठिकाणी लाल शाईत एकच शेरा होता: ‘संगती चुकली’. चाळीसपैकी अकरा. फेरपरीक्षा उद्या सोमवारी, आणि नववीतली माझी मुलगी आठ दिवस पुस्तकाला हात लावत नव्हती. “मी शाळेतच जाणार नाही,” एवढंच म्हणायची. घराबाहेर तरी पडावी म्हणून आज तिला अकोल्याहून बाळापूरला नेलं, पार्बताबाईंकडे. आमच्या घरातल्या सतरंज्या त्यांच्याच हातच्या.

पार्बताबाई पासष्टीच्या, शाळा दुसरीपर्यंत. लग्न होऊन आल्या आणि मागावर नवऱ्याच्या, नत्थुजींच्या, डाव्या हाताला बसल्या. सतरंजी रुंद, म्हणून विणायला दोघं लागतात. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, मधोमध लाल दोरा. नत्थुजी हाक द्यायचे, “चार आत, दोन बाहेर,” आणि दोघांचे हात एकदम चालायचे. डावं-उजवं हे शब्द मागावर नाहीतच. आत म्हणजे लाल दोऱ्याकडे, बाहेर म्हणजे काठाकडे. नत्थुजींचा हात डावीकडे जाई तेव्हा पार्बताबाईंचा उजवीकडे, आणि दोऱ्यापाशी दोन्ही अर्ध्या नक्ष्या एकमेकींना भेटत.

“भांडन झालं तं दोन-दोन दिवस बोलनं बंद,” त्या सांगत होत्या, “पन आत-बाहेर चालूच.”

“तुयं बोलनं बंद, अन् माह्यं जेवन,” नत्थुजी बाजेवरून म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून पार्बताबाई एकट्याच विणतात. एक ओळ इकडे बसून, तीच ओळ तिकडे सरकून. हाक त्याच देतात, ऐकतातही त्याच.

मला स्वस्थ बसवत नव्हतं. दुपार उलटत चालली होती, अजून एकही प्रमेय वाचून झालं नव्हतं. शेवटी पेपरचं बोलून गेले. जुईलीने मान फिरवली.

“काय चुकलं म्हनता?” पार्बताबाईंनी विचारलं.

“संगती.”

“मंग काहून नाई चुकनार? हिच्या संगतीले कोन होतं?”

“कोणीच नव्हतं,” जुईली पुटपुटली.

मी समजावायला गेले. दोन सारखे त्रिकोण, पण एक आरशातल्यासारखा उलटा. कुठला कोन कुठल्याचा जोडीदार हे ओळखायचं, तर ही नुसती डावीकडून उजवीकडे अक्षरं उतरवत जाते.

“बसा बरं यायच्या जागी,” नवऱ्याची जागा दाखवत पार्बताबाई म्हणाल्या.

मी बसले. त्यांनी हाक दिली, “तीन आत.” त्यांचा हात उजवीकडे गेला, मीही उजवीकडे नेला. तीन ओळी झाल्या.

“अवं, पाहा! नक्षी पयाली काठाकडं!” बाजेवरून आवाज आला.

“ताई, तुमी माही नक्कल करून राहिल्या,” पार्बताबाई म्हणाल्या. “नक्कल म्हंजे संगत नोय.”

मी बी.एस्सी. झालेली; माझे कान तापले. जुईली खळखळून हसली. “आई, ऊठ. माझीच चूक केलीस तू.”

माझ्या तीन ओळी तिने उसवल्या आणि बसली. पार्बताबाईंच्या हाताकडे तिने पाहिलंच नाही. नजर लाल दोऱ्यावर. धागा ठोकायचे पंजे दोन्ही बाजूंनी एकदम वाजायला लागले. थोड्या वेळाने हाक बाजेवरून येऊ लागली. पार्बताबाईंनी हाक देणं सोडलं. दोन वर्षांनी त्यांना नुसतं ऐकायचं होतं.

निघताना जुईलीने लाल दोऱ्याचा एक तुकडा मागून घेतला. घरी आल्यावर दोन उलटसुलट त्रिकोणांच्या मध्ये तो ठेवून तिने सात गणितं सोडवली. पाच बरोबर आली. दोन चुकली, ती का चुकली ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

आता ती झोपली आहे. दोरा तिने उद्यासाठी कंपासपेटीत ठेवला आहे. परीक्षेत वर्गातल्या बाईंना दिसला तर त्या कॉपी समजतील का? मी तो काढून टेबलावर ठेवला. मग परत पेटीत ठेवला.