रोहूचं डोकं

माझी सून बंगालची. बायको गेली तसा मी अमरावतीत लेकाकडे राहायला आलो. सुनेचं पहिलं लेकरू सातव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हा तिची साध करायची राहून गेली होती. साध म्हणजे त्यांच्याकडचं डोहाळजेवण. भात, पाच तळणं, एका अख्ख्या माशाचे तुकडे, शेवटी खीर. सगळं आईनं रांधून पोरीपुढे ठेवायचं. आता नववा लागला तरी सुनेचा जीव थाऱ्यावर नव्हता, ताट तसंच सारून द्यायची. त्यात विहीणबाईंचा पाय मोडला, त्यांचं येणं राहिलं.

मी म्हटलं, साध मी करतो. लेकानं यादी लिहून दिली. मी चौथी शिकलेला. भर बाजारात उभं राहून अक्षरं जुळवायची मला लाज. कागद खिशात कोंबला. मासा आणायला कागद कायले लागते?

मासेवालीनं रोहू कापला, डोकं ठेवू का म्हणून विचारलं. आमच्या घरी डोकं कधी शिजलं नाही, ते मांजरीचं. फेकून दे, म्हटलं तोऱ्यात.

घरी सुनेनं तुकडे परातीत मांडले अन् थांबली.

"बाबा, डोकं कुठे आहे?"

मी सांगितलं. रागावली नाही ती. डोकं पोटुशीलाच वाढतात, एवढं बोलली अन् पोटावर हात ठेवून खुर्चीत बसून राहिली. त्या हाताकडे मला पाहवेना.

ऑटो करून परत गेलो. डोकं मांजरीनं नेलं होतं. मासेवाली म्हणाली, "तुमीच तं म्हटलं ना आबाजी, फेक म्हणून." अख्खा मासा एकही उरला नव्हता. शेजारी बुरख्यातली एक बाई सुरव्यासाठी डोकी घेऊन निघाली होती. उभ्या जन्मात मी कोणाला काही मागितलं नाही. तिला सगळं सांगितलं, सातव्या महिन्याचंही. तिनं पिशवी पुढे केली.

"चाचा, बडा वाला ले जाओ. पहले बच्ची को खिलाना."

दुसऱ्या माशाचं डोकं चालतं की नाही, या घोरात घरी आलो. सुनेला खरं सांगून टाकलं. तिनं डोकं धुतलं, हळद लावली अन् मला तळायला लावलं. तेल अंगठ्यावर उडालं.

जेवताना विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. डोकं त्याच माशाचं ना, त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं. सुनेनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हो आई, त्याच माशाचं. बाबांनी निवडून आणलं."

मग तिनं ते चोखून खाल्लं, भात दोनदा घेतला. कित्येक दिवसांनी ताट रिकामं झालं.

बाळंतपणाला अजून तीन आठवडे आहेत. तिनं खोटं सांगितलं ते माझ्यासाठी. त्या खोट्याचं काही वाईट तिच्या वाट्याला येऊ नये, एवढंच मनात येत राहते. कागद नंतर मी एक एक अक्षर जुळवून वाचला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, डोक्यासकट. लेकरू हाती येईस्तोवर तो नवसासारखा खिशातच राहील.