मान हलवणं म्हणजे कबुली नव्हे

मी शाळेत होते तेव्हा आम्ही चौघं एका बेडरूममध्ये झोपायचो. बाबा इथे अमेरिकेत, आयसेलिनमध्ये एका मराठी काकांच्या किराणा दुकानात माल उतरवायचे. आई घरी पोळ्या लाटून इथल्या मराठी मंडळातल्या घरांना विकायची. ओढाताण होती, पण तिची आम्हाला सवय होती. जे पुढे झालं त्याची झाली नाही.

एका मे महिन्यात दुकानातून हापूसच्या दोन पेट्या गायब झाल्या. काकांनी पोलीस बोलावले. मी तिथेच होते. पेट्या तू घेतल्यास का, असं पोलिसाने बाबांना इंग्रजीत विचारलं. बाबांना अर्धंच कळलं. त्यांनी आपण सगळेच डोलावतो तशी मान डोलावली. म्हणजे, ऐकतोय साहेब, पुढे बोला. पोलिसाने ती कबुली धरली आणि बेड्या घातल्या. मी ओरडून सांगितलं, पण एवढ्याशा पोरीचं कोण ऐकतं?

त्या पोलिसाला मी फार दोष देत नाही. त्याला काय कळणार! पण काका शेजारीच उभे होते. निम्मा जन्म सांगलीत गेलेला माणूस. त्या मानेचा अर्थ त्यांना पक्का माहीत होता. ते कढीपत्त्याच्या पिशव्या नीट लावत राहिले.

पुढे पेट्या सापडल्या. ड्रायव्हरने त्या दुसऱ्याच दुकानात उतरवल्या होत्या. केस मिटली, काका मात्र कुणाकडे चकार शब्द बोलले नाहीत. मंडळाच्या गणपतीत आम्ही 'ते आंबेवाले' झालो. आईच्या पोळ्या बंद झाल्या.

तेव्हाच मी ठरवलं: हे काकांच्याच तोंडून वदवून घ्यायचं, चार लोकांत.

कॉलेजात क्रिमिनल जस्टिस घेतलं. पोलीस, कोर्ट, तुरुंग यांचा अभ्यास. मंडळातल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, आमची कॉम्प्युटर करतेय. तू काय, चोर पकडणार?"

"हो मावशी. आपल्यातच बरेच आहेत."

तिसऱ्या वर्षी आमच्या विषयाच्या ऑनर सोसायटीचं बोलावणं आलं. वरच्या मार्कांच्या मुलांनाच घेतात. समारंभात प्रत्येकाने हा विषय का निवडला ते सांगायचं होतं. मी समोर बसलेल्या बाबांच्या मानेबद्दल बोलले. पाहुणे म्हणून आलेला एक पोलीस अधिकारी नंतर येऊन बाबांचा हात हातात घेऊन गेला. बाबा माझ्या गळ्यातली सन्मानाची निळी दोरी चाचपत म्हणाले, "एवढं शिकून दोरी दिली होय? आपल्याकडे ही आरोपीला बांधतात."

त्याच शनिवारी बाबांना घेऊन मी काकांच्या दुकानात गेले. हातात पेढे. गर्दीची वेळ मुद्दाम निवडली होती. पेढ्याला कुणी नाही म्हणत नाही.

"अरे वा! कशाचे?" काकांनी अख्खा पेढा तोंडात टाकला.

"क्रिमिनल जस्टिसच्या ऑनर सोसायटीत घेतलं मला. तुमच्यामुळेच, काका."

"माझ्यामुळे?"

"त्या दिवशी पोलिसासमोर बाबांनी मान हलवली, ती कबुली होती का हो?"

मागच्या रांगेतली डोकी आमच्याकडे वळली. काकांनी मान डोलावली. धड हो नाही, धड नाही नाही, तशीच.

"तोंडाने बोला, काका. मान इथे चुकीची वाचतात."

"जाऊ दे गं," बाबा पुटपुटले. मी जाऊ दिलं नाही.

काकांनी पेढा कसाबसा गिळला. "नाही. कबुली नव्हती. त्यांनी काही घेतलं नव्हतं... मला तेव्हाही कळलं होतं."

"जरा मोठ्याने. मागे ऐकू येत नाहीये."

ते मोठ्याने बोलले. माफी मागा असं मी म्हटलं नाही. मी दिलीच नसती.

पुढच्या वर्षी ती निळी दोरी गळ्यात घालून मी पदवी घेतली, आमच्या घरातली पहिली. आणि माझे बाबा चोर नव्हते, हे आता आयसेलिनमध्ये सगळ्यांना माहीत आहे.