अंबूबाईच्या दुकानाची रिकामी दोरी

गंजाडच्या पाड्यावर अंबूबाईचं दुकान म्हणजे अर्धं वाणसामान, अर्धी चावडी. कुणाच्या सुनेनं चूल वेगळी मांडायचं मनात आणलंय, हे सासूच्या आधी अंबूबाईला कळायचं. स्वतःच्या घरातलं मात्र तिला सगळ्यांत शेवटी कळलं.

यंदा, २०१७ साली, अंगणवाडीत पोरांची वजनं झाली. आमच्या भागात ज्याचं पोर काट्यावर हलकं, त्याची मान खाली. वर्षानुवर्षं बायांनी एकच ऐकलेलं: वजन वाढवा. अंबूबाईची नवसाची लेक निलम, वय वर्षं पाच, काट्यावर बसली आणि काटा असा पळाला, की अंबूबाईनं तिथल्या तिथं नारळ फोडून खोबरं वाटलं!

"खोबरं राहू द्या," नर्सबाई म्हणाली. "पोर ओटा चढताना धापा टाकते, दिसत नाही? हे बाळसं नाही बाई, आजाराची सुरुवात आहे. खाते काय ही?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. दुकानाच्या दारात दोरीवर कुरकुरीत खाऊच्या पुड्यांच्या रंगीत माळा लटकायच्या आणि निलम उठता-बसता एक पुडी ओढायची. बाकीची पोरंही घरातून ओंजळभर तांदूळ आणून पुडी न्यायची. विकणारी आईच, रागवणार कुणावर?

घरी येताच अंबूबाईनं कोयत्यानं सगळ्या माळा छाटल्या. दारात टोपल्या मांडल्या: उकडलेल्या शेंगा, रताळी, केळी, चिकू. निलमनं असं भोकाड पसरलं, की शेजारची कोंबडी अंड्यावरून उठली म्हणे. पोरांनी टोपल्यांत डोकावून नाकं मुरडली आणि ती तडक समोरच्या पांड्याच्या टपरीवर गेली.

पांड्याला आयतंच फावलं. "काय अंबूबाई, दुकान आहे का एकादशीचं ताट?"

"तुझ्या बायकोला विचार की! मागच्या दारानं माझ्याच शेंगा नेते, तुझ्या पोरांना चारायला."

पांड्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण टोमण्यानं गल्ला भरत नाही. आठ दिवसांनी चारोटीहून टेम्पो घेऊन माल पुरवणारा प्रितेश आला.

"अंबूबेन, पुड्या घेणार नसाल तर तेल-साबणही मिळणार नाही. माल सगळा एकत्रच."

"हे कुणी ठरवलं?"

"मी."

"मग टेम्पो वळव."

"दुकान बसेल तुमचं. आणि दारावरचा बोर्ड आमचा आहे, तो काढून नेईन."

अंबूबाईनं आतून स्टूल आणून त्याच्यासमोर आपटलं. "चढ. सांभाळून हं भाऊ, पोट आडवं येतंय."

बघ्यांत हशा पिकला. प्रितेश घामाघूम होऊन बोर्ड उतरवून गेला.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई एसटीनं डहाणूच्या बाजारात गेली आणि तेलाचा डबा डोक्यावर घेऊन परतली. तेव्हापासून दर आठवड्याला तेच. पांड्याकडे तेल नसतंच, त्यामुळे पुडीवाल्या पोरांच्या आयांनाही तिच्याच पायरीवर यावं लागतं. मग बाटली भरता भरता ती त्यांची अशी हजेरी घेते, की एखादी शेंगा घेऊनच सुटते. तरी गल्ला पूर्वीसारखा नाही, हे ती स्वतःच सांगते.

निलम अजून हट्ट करते. परवा भर दुकानात ओरडली, "पांड्याकाका देतो, तूच देत नाहीस!"

"काका देईल गं," अंबूबाई शेंगा निवडत म्हणाली. "नाही म्हणायला आईच लागते. रड खुशाल, मला आज कुठं जायचं नाही."