आमच्या घरातली कुजबूज

आता काय सांगू तुम्हाला, माझ्यावर कोणी विश्वासच ठेवला नाही! नवऱ्याला सांगितलं, बहिणीला सांगितलं, शेजारच्या रेहानाबीलाही सांगितलं, की माझ्या घरात कुजबूज चालते. सून नुसते ओठ हलवते, आवाज बाहेर काढत नाही. मी आत पाऊल टाकलं की टीव्हीसुद्धा बारीक होतो. हे काय चांगल्या घरचं लक्षण आहे?

रेहानाबी म्हणाली, "भाभी, तुमची ज्योती तो गाय है, गाय."

म्हटलं, "गायच हाये! म्हनूनच तर दिवसभर तोंडातल्या तोंडात रवंथ करते!"

मी अकोल्यात जिनिंगमध्ये कामाला आहे. वीस वर्षं झाली. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं ओळीनं धडधडत असतात. शेजारणीला काही सांगायचं तर तिच्या कानाशी तोंड नेऊन बोंबलावं लागतं. घरी आले की कानात बराच वेळ रातकिडे वाजत राहतात. मला वाटायचं, कंबर दुखते तसे कानही वाजतात. थकल्या माणसाचं काय काय वाजत नाही?

आणि आमच्या घरची एक रीत आहे. दूध उतू गेलं, नळ चालू राहिला, भाजी करपली, की मी अंगणात उभी राहून एकच नाव घेते. "ज्योती!" चौकशीच्या भानगडीत मी पडत नाही.

तर एका रविवारी मी ज्योतीला विचारलं, "चहा झाला का वं?" तिनं ओठ हलवले. पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. पुन्हा ओठ!

"काय पुटपुटून राहिली? तोंडावर बोल ना!"

ती एकदम ओरडली, "आई, चवथ्यांदा सांगून राहिली! चहा तुमच्या हातातच हाये!"

पाहिलं. होता.

पण चहा हातात आहे म्हणून माघार घेणारी मी नव्हे. "मंग वरडतेस काहून?"

"हळू बोललं तं कुजबूज, मोठ्यानं बोललं तं उर्मट! बोलावं तरी कसं मानसानं? तुमच्या कानात बिघाड हाये. दाखवा डॉक्टरले, नाही तं मी चालली माहेरी!" आणि खरंच तिनं कपाटावरची बॅग खाली काढली. डोळे भरलेले. बॅग परत वर ठेव म्हणायचं होतं, पण तोंड ऐकतं का?

"चाल! आताच चाल! कान चांगले निघाले तं तिथूनच अंजनगावची गाडी पकड."

"अन खराब निघाले तं?"

"तं भर अंगनात मोठ्यानं सांगीन चूक कोनाची ते!"

गेलो. ती बॅगेसकट. दवाखान्यातल्या बाईनं "बेबीबाई" म्हणून माझ्या नावानं तीनदा हाक मारली म्हणे. ज्योतीनं कोपर मारलं तेव्हा मी उठले.

डॉक्टरीणबाईनं कानात उजेड टाकला. मग बारीक चिमटा घातला आणि कापसाचा बोळा ओढून काढला. काळा, तेलकट. मग त्याच्यामागून दुसरा! दुसऱ्या कानातून तिसरा!

"मावशी, हे काय?"

"आवाज लागू नये म्हनून रोज कोंबतो कापूस. घरी जाताना सापडला नाही का समजतो, पडला असंल."

"आणि आत ढकलता कशानं?"

"आकड्यानं. डोक्याच्या. कान ठणकला का कोमट तेल."

डॉक्टरीणबाई म्हणाली, "वात झाली, तेल झालं. आता फक्त काडी ओढायची राहिली होती."

ज्योती अशी हसली, की मांडीवरची बॅग खाली पडली.

पण मला वरचा पंखा कुरकुरताना ऐकू आला हो! म्हटलं, बरी झाले, सुटले! कुठची सुटते? काचेच्या खोलीत बसवून तपासलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बोट तयार ठेवून नुसती बसलेली.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "बोळ्यांनी थोडंच अडलं होतं. आतली ताकद यंत्रांच्या आवाजानं गेली आहे. ती परत येत नाही. कानाला मशीन लावू, पण उरलंय ते सांभाळा. आकडा नाही, काडी नाही, तेल नाही. मधून मधून गोंगाटातून बाहेर या. लग्नात डीजेपासून लांब बसा. दर वर्षी तपासा. आणि साध्या कापसानं आवाज अडत नाही, त्याला कानाची बुचं असतात. गिरणीत देत नाहीत का?"

मी छताकडे पाहिलं.

"देतात ना," ज्योती म्हणाली. "नारंगी. आईनं तेलाच्या शिशीले लावलं."

कोणत्या तेलाच्या, ते तुम्हाला कळलंच असेल. माझ्या कानातलं बूच शिशीला, आणि शिशीतलं तेल माझ्या कानात! आणि ज्योतीचं हे वाक्य मला पहिल्याच वेळी लख्ख ऐकू आलं. बाकी चारदा विचारावं लागतं.

घरी आलो. बॅग अजून ज्योतीच्या हातातच. भिंतीपलीकडे रेहानाबी उभी. ज्योतीनं अंगणाकडे बोट केलं. चूक कोणाची ते मोठ्यानं सांगीन, असा शब्द दिलेला होता, बाई. थकले होते, पण अंगणात उभी राहिले. सवयीनं तोंडातून "ज्यो..." निघालं, ते गिळलं. मग छाती भरून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं ओरडले,

"बेबी!"