फणसाचा जुना पाट

जुनं लाकूड घासायला राग बरा पडतो. मन शांत असलं की माणूस चार हात मारतो आणि चहा प्यायला उठतो. मनात धाकटी जाऊ असली की उठत नाही. त्या पावसाळ्यात मी एक कपाट, एक गोल मेज, एक आरामखुर्ची आणि एक पाट घासून काढला, आणि दर हाताला तिचंच तोंड डोळ्यांसमोर होतं. फोनवर असले व्हिडिओ असतात, त्यातली मुलगी सांगते की जुन्या वस्तूंवर प्रेम करा, मग त्या उजळतात. मी प्रेमबीम काही केलं नाही. तरी उजळल्या.

आमचं घर वालावलच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. नवरा गेल्यापासून मी एकटीच तिथे. मुलगी कोल्हापूरला दिलेली. धाकटा दीर आणि त्याची बायको मुंबईला, मे महिन्यात आणि गणपतीला येणार, आंबे-काजू घेऊन जाणार. मी लग्न होऊन आले तेव्हा हा दीर शाळेत जायचा. सकाळची पेज मी वाढायची, दप्तराचा तुटलेला बंद मी शिवायची. हे सांगते ते उपकार मोजायला नाही. पुढे जे झालं ते परक्या माणसानं केलं असतं तर मला एवढं लागलं नसतं, म्हणून सांगते.

त्या वर्षी मे महिन्यात मी मुलीच्या बाळंतपणाला कोल्हापूरला होते. परत आले तर अंगणातूनच कळलं की काहीतरी झालंय. पुढच्या दारातून पांढराफेक उजेड येत होता. आत गेले. वासे, कौलं, सगळं पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांखाली झाकलेलं. भिंतीला लाकडासारखं दिसणारं काहीतरी चिकटवलेलं. करडा सोफा. आणि जिथे आमचा गणपती बसतो त्या भिंतीला प्लायवूडचा एक कोनाडा, सोनेरी कडांचा, आत दिव्यांची माळ.

"वहिनी, सरप्राइज!" जाऊ म्हणाली. "हा गणपती युनिट. बाकीचे दिवस फुलदाणी ठेवायची."

"आणि आधीचा सामान?" मी विचारलं.

तिनं मागे बोट दाखवलं. गोठ्याच्या भिंतीला टेकवून, निळ्या ताडपत्रीखाली, माझ्या संसाराची अडगळ रचलेली होती. नवऱ्याची आरामखुर्ची उलटी. ज्या मेजावर तो कागद पसरून काजूचे हिशेब करायचा ते मेज, पाय वर करून. हिरव्या ऑइलपेंटचं कपाट. आणि सगळ्यांच्या वर, विटांच्या तुकड्याशेजारी, आमच्या गणपतीचा पाट. काळा पडलेला, माती आणि तेलाचे थर बसलेला. तिला तो मोरीतला पाट वाटला असणार.

"हे सगळं गोठ्यातच शोभतं," ती हसून म्हणाली. "हॉल किती कोंदट वाटायचा!"

मग तिनं पुढचं सांगितलं. आता तारकर्लीपर्यंत जाणारे पर्यटक या रस्त्यानं येतात, घराच्या खोल्या त्यांना राहायला द्यायच्या. दिवाळीपर्यंत मागची खोलीसुद्धा करून घ्यायची. "मग तुम्ही पण मोकळ्या, वहिनी. लेकीकडे बाळाबरोबर राहा. इथे एकट्या काय करणार?"

मागची खोली म्हणजे माझी खोली. लग्न होऊन आले ती त्या खोलीत, नवरा गेला तो त्या खोलीत.

मी दिराकडे बघितलं. "माका कोणी इचारल्यान?"

तो फोनमध्ये बघत म्हणाला, "तुझ्याच सोयीसाठी केला गो ह्या, वयनी."

मी भांडले नाही. भांडले असते तर चार लोकांनी मध्यस्थी केली असती आणि माझी समजूत घालून मला कोल्हापूरच्या गाडीत बसवलं असतं. मला समजूत नको होती. मला सूड हवा होता, आणि तो कसा घ्यायचा ते मला अजून माहीत नव्हतं. ती दोघं मुंबईला गेली त्या दुपारी मी ताडपत्री ओढून काढली.

आधी कपाट. हिरव्या रंगाखाली निळा, निळ्याखाली कसला तरी लालसर. सोड्याच्या पाण्यानं धुतलं, मग फुटलेल्या काचेच्या तुकड्यानं रंग खरवडला. काचेची धार लाकडाला पातळ सोलते, हे लहानपणी माहेरी सुतार करताना बघितलेलं. दोन-तीन ठिकाणी बोट कापलं. तिसरा रंग सुटला तेव्हा खालून पिवळं लाकूड दिसलं, फणसाचं. ते मी हातानं चोळत बसले, आणि मोठ्यानं म्हटलं, "कोंदट काय?" ऐकायला फक्त मांजर होतं.

वाळवीसाठी वेंगुर्ल्याहून काजूच्या टरफलांचं काळं तेल मागवलं. होड्यांना लावतात ते. खालच्या बाजूला, पायांना, सांध्यांत ते भरलं. थेंब मनगटावर उडाला आणि कातडी भाजली, फोड आले. डाग अजून आहे. लाख आणि स्पिरिटचं पॉलिश कापडाच्या बोळ्यानं वर चढवलं, पावसाच्या हवेत ते पांढरं पडायचं, मग परत पुसायचं, परत चढवायचं. खुर्चीला मापाचं कापड मिळेना तर नवऱ्याच्या जुन्या होल्डॉलचं घातलं. सगळं माझ्या मागच्या खोलीत नेऊन मांडलं. तिथल्या भिंतींना चुना आणि त्यात थोडी नीळ. गोठ्याच्या मोडक्या दाराची फळी खिडकीखाली बसवली, तिच्यावर कंदील आणि पितळेचा तांब्या ठेवला. जुन्या नऊवारीचे पडदे केले. खोली अशी झाली की मी स्वतः दारात उभी राहून बघायची.

माझा हिशेब साधा होता. ही खोली बघून त्यांना लाज वाटेल. मग एके दिवशी शेजारची बाई नारळ घेऊन आली. दारातून आत बघत म्हणाली, "बरा केलंस गो! आता पर्यटकांक हीच खोली आवडतली. तुझ्या जावेचा काम सोपा झाला."

ती गेली तरी मी तिथेच उभी. तिचं म्हणणं खरं होतं. माझ्या हातांनी, माझी बोटं कापून, मी माझी खोली त्यांच्यासाठीच सजवून ठेवली होती. त्या दिवशी मी जेवले नाही. कानस उचलून ते सगळं कपाट परत ओरबाडून टाकावं असं वाटलं.

त्याच आठवड्यात जावेचा फोन आला. "वहिनी, बसच्या पार्सलमधून नवीन पाट पाठवलाय. युनिटच्या मापाचा, सनमायका लावलेला. तेवढा गणपतीच्या शाळेत नेऊन द्याल ना?"

आमच्याकडे गणपती विकत घेऊन कुठेही ठेवत नाहीत. घराचा पाट श्रावणाआधी शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, पोचवायचा. मूर्तिकार त्याच पाटावर मातीची मूर्ती उभी करतो. चतुर्थीला पाटासकट ती डोक्यावरून घरी येते. एकदा बसवली की विसर्जनापर्यंत हलवायची नाही. आणि गणपती जिथे बसला ती जागा गावाच्या लेखी गणपतीची. तिथे परक्याला भाड्यानं झोपायला कोणी देत नाही. माझ्या दिराला कशाची भीती नसली तरी याची आहे.

फोन ठेवला आणि मी शिवणाच्या पेटीतून टेप काढली. आधी युनिट मोजलं, आतून. मग गोठ्यातून पाट आणला आणि तो मोजला. पाट युनिटपेक्षा चार बोटं जास्त रुंद. मी परत मोजलं, कारण हसू येत होतं आणि टेप हलत होती.

पाट मी शेवटी ठेवलेला. त्याला काच लावली नाही, फक्त सोड्याचं पाणी आणि काथ्या. वर्षानुवर्षांची माती थरानं सुटत गेली. खाली फणसाचं तेच पिवळं लाकूड, मध्ये जरा खोलगट झालेलं. पॉलिश दिलं नाही, गुळगुळीत झाला तर माती धरणार नाही. उन्हाची तिरीप आली की बाहेर काढायचा, ढग आला की आत. मुंबईचा पाट आला तो स्वयंपाकघरात ठेवला.

शाळेत पाट मीच नेला. मूर्तिकारानं उलटा-सुलटा करून बघितला. "तुमचो जुनोच मा ह्यो? बरो उजाळल्यात." मी हो म्हटलं. आणखी काही सांगितलं नाही. परतताना वाटेत मला लहान मुलीसारखा आनंद झाला होता, आणि तो चांगला आनंद नव्हता हेही कळत होतं. मला त्याची फिकीर नव्हती.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मंडळी आली. जाऊ युनिटला दिव्यांच्या आणखी माळा लावत होती. माटवी कुठे बांधायची, असं शेजारच्या बाईनं विचारलं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला आंब्याच्या डहाळ्या, नारळ, कवंडळाची फळं, रानातली फुलं बांधतात, ती माटवी. जावेनं छताकडे बघितलं. प्लास्टिकला कुठे हूक नव्हता. "या वर्षी राहू दे," ती म्हणाली. "लायटिंग आहे ना."

माझ्या खोलीत वासा उघडा होता. माटवी मी तिथे बांधली, बरोबर गोल मेजावर, आणि दार ओढून घेतलं.

चतुर्थीला सकाळी दीर डोक्यावरून गणपती घेऊन आला. पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, जाऊ एका हातानं फोन धरून शूटिंग करत होती. अंगणात अर्धी वाडी जमलेली. तो हॉलमध्ये शिरला, दोघांनी हात लावून मूर्ती खाली घेतली, युनिटपाशी नेली, आणि पाट कडांना अडकला.

"हा आपला पाट नाही," जाऊ म्हणाली. तिनं फोन खाली केला. "वहिनी, नवीन पाट कुठाय?"

"रांधपाच्या खोलीत आसा. त्यार आदोळी ठेवतंय. खोबरा किसूक बरो पडता."

"थोडा तिरका कर ना," ती नवऱ्याला म्हणाली.

"देवाक तिरको करतत काय गो?" दारातून कोणीतरी म्हातारी ओरडली. दिराच्या मानेवरून घाम चालला होता. खाली ठेवता येईना, कारण ठेवली की तीच जागा. सोफ्यावर ठेवता येईना. दोन्ही हात अडकलेले, आणि सगळी वाडी बघतेय. त्यानं आधी बायकोकडे बघितलं, मग छताकडे, मग माझ्याकडे.

मी मधल्या दारात उभी होते. त्याला तसाच थोडा वेळ उभा राहू दिला. मग दार उघडलं.

"हय हाड," मी म्हटलं. "माझ्या मेजार बसतलो."

नीळ घातलेल्या भिंती, पिवळं कपाट, वर माटवी. मूर्ती मेजावर टेकली आणि पाट असा बसला की बोटभर हलला नाही. बायका आत शिरल्या, कपाटाला हात लावून बघायला लागल्या. कोणी म्हणालं, हाच खरा गणपती. जाऊ मागे उंबऱ्यावर उभी होती, तिला पुढे यायला जागा नव्हती. मी तिच्याकडे वळून बघितलं. हो, मुद्दाम बघितलं.

विसर्जनापर्यंत आरती, भजन, फुगड्या, सगळं मागे झालं. हॉलमधले दिवे रिकाम्या सोफ्यावर जळत राहिले. एका दुपारी जाऊ माझ्याकडे आली, बरीच नरम. "वहिनी, ती आरामखुर्ची आपण पुढे ठेवूया का? जुनी स्टाइल आता खूप चालते."

"ती गोठ्यातच शोभता," मी म्हटलं. "कोणीतरी म्हटलेला."

तिचे डोळे भरले होते. मला वाईट वाटायला हवं होतं, मी वाट बघितली, पण वाटलं नाही.

विसर्जनानंतर रिकामा पाट घरी आणतात, त्यावर नदीतली मूठभर वाळू घेऊन. दीर भिजून आला. पाट दोन्ही हातांत धरून तो हॉलमध्ये शिरला, आणि मधल्या दाराशी येऊन थांबला. पाटाचं पाणी त्याच्या नव्या गुळगुळीत लाद्यांवर ठिबकत होतं. जाऊ सोफ्यावरून बघत होती. त्यानं खोलीकडे नजर टाकली, कपाटाकडे, भावाच्या खुर्चीकडे, मग खाली मान घातली.

"वयनी," तो म्हणाला, "पाट खंय ठेवू?"

मे महिन्यापासून त्या घरात शेकडो वस्तू उचलल्या गेल्या, फेकल्या गेल्या, बसवल्या गेल्या, आणि पहिल्यांदा कोणीतरी मला विचारत होतं. कपाटाच्या वरची जागा मी सकाळीच पुसून ठेवली होती.

पण मी लगेच सांगितलं नाही. नवऱ्याच्या खुर्चीत बसले, पाठ टेकली, आणि त्याला तो ओला पाट धरून उभा ठेवला.