रस्त्याच्या मधोमध रेघ

गाडीचा आरसा माझ्या पोरीच्या पाठीवरच्या पिशवीला घासून गेला, पोरगी गिरकी खाऊन माझ्या अंगावर पडली, आणि गाडीवाला थांबलासुद्धा नाही. स्टुटगार्टच्या बाहेरचा तो उताराचा रस्ता. मी तिथंच उभी राहून मराठीत शिव्या घातल्या. पोरगी चार वर्षांची, धाकटा बाबागाडीत. घर अलीकडं, किंडरगार्टन पलीकडं, मध्ये ना सिग्नल ना पांढरे पट्टे.

मी दहावी नापास. पण माहेरी बघितलं होतं, नळाला पाणी आलं नाही की बायका अर्ज लिहायच्या, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि निवडून आलेल्या माणसाच्या दारात जाऊन बसायच्या. तो कुरकुरायचा, पण चहा पाजून फोन लावायचा. मी म्हटलं, इथं पण तेच करायचं. २००५ची निवडणूक तोंडावर होती, खांबाखांबावर फोटो लागलेले.

हे म्हणाले, "नसती भानगड करू नकोस. माझा व्हिसा वाढायचाय."

"अहो, व्हिसा वाढेल, पोर वाढायला नको?"

बोलले खरी, पण भीती मलाही होतीच. पोलीस आले तर, हाकलून दिलं तर. तरी बिल्डिंगमधल्या तुर्की बायका, ती इराणची, वरची पोलंडची, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, बेसनाचे लाडू डब्यात भरले आणि खासदाराच्या ऑफिसात गेले.

तिथली बाई गोड हसली. डबा दोन बोटांनी माझ्याकडं परत सरकवला, असलं काही घेता येत नाही म्हणे. मग नकाशा उलगडला. जाड लाल रेघ बरोबर आमच्या रस्त्याच्या मधोमध.

"तुमचा फुटपाथ आमच्या वालक्राइसमध्ये, आमच्या मतदारसंघात. समोरचा शेजारच्यांच्या."

म्हणून समोरच्या खांबांवर वेगळीच तोंडं होती! मी मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "आणि मधला रस्ता?"

तिनं अर्जातल्या सह्यांवरून बोट फिरवलं. "आल्झो... म्हणजे, यातल्या मतदार कोण?"

कुणीच नाही. मी म्हटलं, मत नाही तर नाही, पण नकाशा काढताना आमची डोकी तरी धरली असतील?

"नाही. मतदारसंघ आखताना जर्मन नागरिकच मोजतात."

म्हणजे एवढी मोठी बिल्डिंग, पोराबाळांनी भरलेली, आणि यांच्या हिशेबी तिथं तिसऱ्या मजल्यावरची एकटी जर्मन म्हातारी राहते. बाकी सगळी हवा. माझी पोरगी हवा. मला इतका राग आला की जर्मन सुचेना. डबा उचलला आणि जिना उतरले.

संध्याकाळी त्या म्हातारीचीच बेल वाजवली. तिनं अर्ज दोनदा वाचला, माझ्या चुका पेननं सुधारल्या, खाली सही ठोकली. "मी पलीकडच्या बेकरीत जाणं कधीच सोडलंय," म्हणाली. "भीती वाटते." दोन लाडू खाल्ले, तिसरा रुमालात बांधून ठेवला.

अर्ज तिनंच नगरपालिकेला पाठवला, आणि उत्तर आलं तेही तिच्याच नावानं. माणसं येऊन मोजतील, रस्ता ओलांडणारे पुरेसे असले तर पट्ट्यांचा विचार होईल.

आणि ते आले कधी? किंडरगार्टनला सुट्टी होती त्या आठवड्यात! घडीच्या खुर्चीवर एक माणूस, मांडीवर पॅड, रस्ता रिकामा. खिडकीतून बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. धाकट्याला बाबागाडीत कोंबलं, पोरीला घरातल्या चपलांवरच ओढलं, खाली येताना सगळ्यांच्या बेली दाबल्या. पाच बायका, सात पोरं, आणि माझ्या दंडाला धरून म्हातारी. गेलो पलीकडं. आलो अलीकडं. परत गेलो.

चौथ्या खेपेला तो म्हणाला, "बाई, तुम्हाला मी मोजलंय."

"मग परत मोज!" मी मराठीतच ओरडले. म्हातारीनं त्याला जर्मनमध्ये काय सुनावलं ते मला नीट कळलं नाही, पण त्याचे कान लाल झाले.

त्यानं पेन कागदाला टेकवेपर्यंत मी रस्त्याच्या मधून हलले नाही. दोन्हीकडून गाड्यांचे भोंगे वाजत होते. वाजू देत.